समासातलं ‘कोण म्हणतं?’

पत्र

नमस्कार मॅडम,

मी नागपूरला एम.ए. इतिहासाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘एम्प्रेस मिलच्या कामगारांचं रोजचं जगणं’ हा माझ्या लघुप्रबंधाचा विषय. माझे आजोबा त्या मिलमध्ये विणाई खात्यात होते, म्हणून मुद्दाम हाच घेतला. ऐंशी पानं लिहून दिली. सरांनी परत केली तेव्हा समासात जागोजागी लाल शाईत एकच प्रश्न होता: ‘कोण म्हणतं?’ सॉफ्टवेअरच्या तपासणीत ३८ टक्के साम्य निघालं. मॅडम, एकही परिच्छेद मी जसाच्या तसा उतरवलेला नाही. प्रत्येक वाक्यातले शब्द बदलले आहेत. आजोबांनी सांगितलेलंही शुद्ध मराठीत करून घातलं. शेवटी २२ पुस्तकांची यादी जोडली. तरी एका मैत्रिणीनं सगळ्यांसमोर ‘ही चोरीच आहे’ म्हटलं. किती शब्द बदलले म्हणजे वाक्य आपलं होतं, ते एकदा सांगा. आणि मी खरंच चोरी केली का?

— एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर

प्रिय मुली,

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचं सगळं त्याच्यापाशी अडलेलं दिसतं.

फसवायचं तुझ्या मनात नव्हतं, हे मला पटतं. ज्याला फसवायचं असतं तो २२ पुस्तकांची नावं स्वतःहून देत नाही. पण वाचणाऱ्याला तुझं मन दिसत नाही, पान दिसतं. आणि कुणीतरी वर्षानुवर्षं दप्तरं चाळून, कामगारांच्या घरी जाऊन शोधलेली गोष्ट त्या पानावर तुझ्या नावानं उभी आहे. वाङ्मयचौर्य म्हणतात ते यालाच, हेतू असो वा नसो. मैत्रिणीनं चारचौघांत तो शब्द वापरायला नको होता, तुला किती लागलं असेल ते मला कळतं. सरांनी मात्र तुझ्यावर माया केली आहे. ३८ हा आकडा टाकून त्यांना गठ्ठा परत करता आला असता. त्याऐवजी ऐंशी पानं वाचून, प्रत्येक जागी थांबून ते प्रश्न विचारत गेले.

आकड्याची भीती आधी घालवू. विद्यापीठ अनुदान आयोगाचे याविषयीचे नियम २०१८ सालचे आहेत. प्रबंध-लघुप्रबंधांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ धरतात, त्याला शिक्षा नाही. १० ते ४० टक्क्यांत ठरलेल्या मुदतीत, फार तर सहा महिन्यांत, दुरुस्त करून पुन्हा सादर करायला सांगतात. ४० ते ६० टक्क्यांत वर्षभर सादर करता येत नाही आणि ६०च्या वर नोंदणीच रद्द होते. तू दुसऱ्या पायरीवर आहेस. दुरुस्त करायचं आणि पुन्हा द्यायचं, एवढंच. नाव देऊन घेतलेली उद्धरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश हे त्या मोजणीतून वगळतात. पण तुझ्या ऐंशी पानांत अवतरणचिन्हंच नाहीत, त्यामुळे यंत्रानं वगळावं तरी काय?

त्याच नियमांत सलग १४ शब्दांपर्यंतच्या, सर्वसामान्य माहितीच्या किंवा योगायोगानं जुळलेल्या शब्दांना सूट आहे. त्याचा अर्थ मुलं ‘तेरा शब्द उचलले तर चालतं’ असा लावतात आणि प्रत्येक तेराव्या शब्दानंतर एखादं ‘परंतु’ पेरून ठेवतात. ती सूट ‘राज्य पुनर्रचनेनंतर नागपूरचे राजधानीपद गेले’ अशा, कुणाच्याही लेखणीतून सारख्याच येणाऱ्या वाक्यांसाठी आहे. उचलण्याचं माप म्हणून ती कुणी दिलेली नाही.

तुझा मूळ प्रश्न असाच मापाचा आहे. किती शब्द? असं माप कुठेच नाही. का नाही, ते एका उदाहरणानं दाखवते. समज, एका पुस्तकाच्या ५७व्या पानावर पुढची वाक्यं आहेत. ती इथे उदाहरणासाठी मीच रचली आहेत:

‘गिरणीच्या भोंग्यावर केवळ कामगारांचेच नव्हे, तर भोवतालच्या वस्तीचेही वेळापत्रक बेतलेले असे. चहाची दुकाने, खानावळी, इतकेच काय, न्हाव्याची खुर्चीदेखील पाळी सुटण्याच्या वेळेकडे डोळे लावून असे.’

तू जे केलंस, ते साधारण असं दिसत असणार:

‘मिलच्या सायरनवर फक्त मजुरांचेच नाही, तर आसपासच्या मोहल्ल्याचेही टाइमटेबल ठरलेले असायचे. चहाच्या टपऱ्या, भोजनालये, एवढेच नाही तर सलूनवाल्याची खुर्चीसुद्धा शिफ्ट सुटण्याच्या वेळेची वाट पाहायची.’

जवळजवळ प्रत्येक शब्द बदलला आहे. मेहनतही कमी पडलेली नाही. तरी आधी कामगार, मग वस्ती, मग दुकानं आणि शेवटी एकदम न्हाव्याची खुर्ची, हा चढता क्रम त्या लेखकाचा आहे. खुर्ची वाट पाहते ही कल्पना त्याला सुचली. कदाचित त्या वस्तीत हिंडताना त्यानं रिकामी खुर्ची खरोखर पाहिली असेल. तू त्याच्या वाक्याचा सांगाडा घेतलास आणि वर वेगळे शब्द चढवलेस.

आता पुस्तक मिट. उठ, स्वयंपाकघरात जा आणि आईला सांग, काय वाचलंस ते. जे तोंडून निघेल ते लिही:

‘मिलच्या पाळ्यांचा परिणाम वस्तीतल्या धंद्यांवरही होता. कामगार बाहेर पडण्याच्या वेळा धरूनच तिथले दुकानदार आपला दिवस आखत (लेखकाचे आडनाव, वर्ष, पृ. ५७).’

हे तुझं वाक्य आहे आणि तरीही कंसात नाव आहे. इथेच बहुतेकांची चूक होते. वाक्य आपलं झालं म्हणजे नाव द्यायची गरज संपली, असं त्यांना वाटतं. शब्द तुझे असले तरी माहिती त्याची आहे, म्हणून नाव राहतं. लिहून झाल्यावर पुस्तक पुन्हा उघड आणि ताडून बघ. एखादा नेमका शब्द नकळत जसाच्या तसा आलेला दिसतो. तो बदल, नाहीतर अवतरणात टाक.

तिसरा मार्ग उद्धरणाचा. न्हाव्याची खुर्ची मला सोडवणार नाही, ती त्याच्याच शब्दांत हवी, असं वाटलं तर तेवढीच घे:

‘वस्तीतल्या धंद्यांचा दिवसही पाळ्यांनी बांधलेला होता. न्हाव्याची खुर्चीदेखील “पाळी सुटण्याच्या वेळेकडे डोळे लावून असे” (आडनाव, वर्ष, पृ. ५७). हे पाहिले, की मिल बंद पडल्यावर केवळ मिलचेच कामगार बेकार झाले असे म्हणता येत नाही.’

यातलं शेवटचं वाक्य बघ. ते कुठल्या पुस्तकात नाही. तू दुसऱ्याचा पुरावा समोर ठेवलास आणि त्यातून स्वतः काहीतरी काढलंस. सर ‘कोण म्हणतं?’ विचारतात तेव्हा त्यांना दोन्ही उत्तरं हवी असतात: हे त्यांनी म्हटलंय आणि हे मी म्हणते.

आपल्याकडे हे शिकायला परदेशी पुस्तिका लागत नाहीत. कीर्तनाला बसली असशीलच. वारकरी कीर्तनकार एक अभंग घेतात आणि त्याच्या एकेका चरणावर बोलताना दुसरीकडच्या ओव्या, अभंग आणतात. त्यांना ते ‘प्रमाण’ म्हणतात. प्रमाण देताना बुवा आधी सांगतात, ‘माउली म्हणतात’, ‘नाथबाबा म्हणतात’. मग ओवी म्हणतात, आणि मग ती या जागी का आणली ते उलगडतात. ते निरूपण त्यांचं स्वतःचं. नुसती प्रमाणांमागून प्रमाणं म्हणून कुणी बुवा खाली बसले, तर टाळकरीसुद्धा चुळबुळ करतील. अभंगाच्या शेवटच्या चरणात ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’ ही नाममुद्रा येते. कुणाचं बोलणं आहे ते बोलण्यातच गुंफायची ही रीत आपल्या भाषेत कित्येक शतकं चालत आली आहे. तुझ्या प्रबंधात तेवढीच शिस्त आण. आधी कोण बोलतंय ते सांग, मग त्याला बोलू दे, मग तू बोल. तिन्ही गोष्टी प्रत्येक वेळी, अगदी दोन ओळींच्या उताऱ्यालाही. उतारा ठेवून लगेच नवा परिच्छेद सुरू केलास, तर वाचणारा विचारणार, याचं मी काय करू?

यात मराठीची म्हणून एक अडचण आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं. त्यामुळे सहा ओळींचा उतारा देऊन शेवटी ‘असे अमुक म्हणतात’ लिहिलं, की वाचणाऱ्याला सहा ओळी कुणाचं ऐकतोय तेच कळत नाही. उतारा लांब असेल तर बोलणाऱ्याचं नाव आधी: ‘अमुक लिहितात:’ आणि मग उतारा. चार-पाच शब्दांचा तुकडा असेल तर तो वाक्याच्या पोटात बसतो आणि ‘असे’ लावून पुढे जाता येतं.

दुसरी अडचण ‘की’ची. ‘मुकादम म्हणाला की मी उद्या येणार नाही.’ कोण येणार नाही, मुकादम की लिहिणारी तू? बोलताना आवाजावरून कळतं, कागदावर कळत नाही. मराठीत ‘की’नंतर मूळ बोलणाऱ्याचा ‘मी’ तसाच ठेवायची सवय आहे. म्हणून एकतर अवतरणचिन्हं घाल, नाहीतर ‘आपण उद्या येणार नाही, असे मुकादमाने सांगितले’ असं फिरवून घे. तू मुलाखती वापरणार आहेस, तेव्हा ही गाठ तुला पानोपानी भेटेल.

आणि ‘म्हणतात’ सोडून दुसरी क्रियापदं वापर, पण ती तोलून. ‘नोंदवतात’ म्हटलं की त्यानं पाहिलं किंवा कागदावर सापडलं. ‘मांडतात’ म्हटलं की त्याचा विचार. ‘दावा करतात’ लिहिलंस की तुझी शंका डोकावली. ‘कबूल करतात’ म्हणजे आधी लपवत होते. समज, ही मिल काढणाऱ्या टाटांच्या कौतुकासाठी लिहिलेल्या एखाद्या इतिहासात एम्प्रेस मिलनं १८८६ सालीच पेन्शन फंड सुरू केल्याचं तू वाचलंस. हे तू ‘कंपनीच्या बाजूने लिहिलेला इतिहास या फंडाचा अभिमानाने उल्लेख करतो’ असं लिहिलंस, तर वाचणाऱ्याला दोन गोष्टी कळतात: माहिती काय आणि ती कुणाच्या तोंडून आली. मग कामगारांची बाजू ठेवायला तुला जागा मिळते. तू मात्र तीच माहिती आपल्या आवाजात लिहिली असशील तर नकळत कंपनीची वकील होऊन बसलीस.

‘च्या मते’ जपून वापर. ‘अमुकांच्या मते मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली’ हे वाक्य चूक आहे, कारण तारखेला मत नसतं. शिवाय ही गोष्ट कुठल्याही चांगल्या इतिहासात मिळते. त्याच दिवशी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली आणि त्यावरून मिलला एम्प्रेस नाव पडलं, हेही सर्वांना माहीत असलेलं. अशा गोष्टींना संदर्भ लागत नाही. पण अमुक साली किती साचे (माग) होते, मजुरी किती होती, संप किती दिवस चालला, हे लिहिलंस की संदर्भ हवाच. २०११च्या जनगणनेत नागपूर महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या २४,०५,६६५ होती, हे लिहिताना ‘२०११च्या जनगणनेनुसार’ हे दोन शब्द गाळलेस तर तो आकडा आजचा वाटेल. शंका आली तर संदर्भ दे. जास्तीच्या संदर्भाबद्दल कुणी वाङ्मयचौर्याचा ठपका ठेवत नाही.

आता तुझ्या २२ पुस्तकांबद्दल. शेवटची यादी म्हणजे घरी कोण कोण आलं होतं त्याची नोंद. कोण काय बोललं ते त्यातून कळत नाही. प्रत्येक घेतलेल्या गोष्टीपाशी, तिथल्या तिथे, पान क्रमांकासह खूण हवी. आणि यादीत फक्त तू हातात घेऊन वाचलेली पुस्तकं हवीत.

हे मी इतक्या आग्रहानं सांगते त्याला कारण आहे. माझ्या स्वतःच्या लघुप्रबंधात एका जुन्या ग्रंथातलं वाक्य मी दुसऱ्याच एका अभ्यासकाच्या पुस्तकातून घेतलं होतं. तळटीप मात्र मूळ ग्रंथाची दिली, पान क्रमांकही त्याच अभ्यासकाचा उचलला. मौखिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्या ग्रंथाबद्दल सहज विचारलं. तो ग्रंथ मी पाहिलाही नव्हता. ते रागावले नाहीत, पुढच्या प्रश्नाकडे वळले. पण त्यानंतर मी काय बोलले त्यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता, ते मला समोर दिसत होतं. नंतर ग्रंथालयात तो ग्रंथ काढून बघितला. ते वाक्य तिथे होतं आणि त्याच्या पुढचंच वाक्य ‘परंतु’नं सुरू होत होतं. मूळ लेखकानं तो विचार खोडून काढण्यासाठी मांडला होता. मी तो त्याचाच म्हणून दिला होता. आज इतक्या वर्षांनीही ते ‘परंतु’ मला आठवतं.

मूळ ग्रंथ मिळत नसेल तर सरळ लिही: ‘अमुक, तमुक यांच्या ग्रंथात उद्धृत’. त्यात कमीपणा नाही. आणि उताऱ्यातले काही शब्द गाळलेस तर तिथे तीन टिंबं दे. पण ‘कदाचित’, ‘पण’, ‘काही ठिकाणी’ असले शब्द कधी गाळू नकोस, वाक्याचा जीव त्यांच्यात असतो. अर्थ लागावा म्हणून स्वतःचा शब्द घालावा लागला तर तो चौकटी कंसात. मूळ छापलेल्यातच चूक असेल तर ती तशीच ठेवून पुढे चौकटी कंसात ‘मूळ तसेच’.

प्रसिद्ध वचनांना तर जास्त जपायला हवं, कारण ती तोंडोतोंडी फिरून गुळगुळीत होतात. ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ आपल्या नागपुरात भिंतीभिंतीवर आहे. जुलै १९४२ मध्ये नागपुरातच भरलेल्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेतल्या बाबासाहेबांच्या भाषणाचा इंग्रजी पाठ उघडलास तर तिथे क्रम ‘एज्युकेट, अॅजिटेट, ऑर्गनाइज’ असा आहे, म्हणजे संघर्ष आधी आणि संघटन नंतर. कामगार चळवळीवर लिहिताना हा क्रम किरकोळ नाही. माणसं आधी एकत्र येतात आणि मग लढतात, की लढता लढता एकत्र येतात, हाच तर तुझ्या एखाद्या प्रकरणाचा प्रश्न असू शकतो. भिंतीवरचं वाक्य घ्यायला हरकत नाही, पण ते प्रचलित मराठी रूप आहे असं सांग आणि मूळ पाठाचा खंड, पान दे. तसंच ‘विद्येविना मती गेली’. मुलं खाली ‘म. फुले’ लिहून मोकळी होतात. हे वचन ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये आहे, तेव्हा ग्रंथाचं नाव हवं, तू वापरलेली आवृत्ती हवी. जोतीराव १८९० मध्ये गेले. आपल्या कायद्यात प्रताधिकार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, म्हणजे त्यांचं लेखन छापायला आज कुणाची परवानगी लागत नाही. पण परवानगीची गरज संपली म्हणून नाव द्यायचं संपत नाही. या दोन गोष्टींची गल्लत चांगले शिकलेले लोकही करतात.

अभंग किंवा ओवी घेतलीस तर पानापेक्षा अध्याय आणि ओवी, किंवा अभंगाचा क्रमांक दे, आणि कुठली प्रत वापरलीस तेही. गाथेचे क्रमांक प्रतीप्रतीत वेगळे असतात. विश्वकोशातली नोंद घेतलीस तर नोंदीच्या शेवटी लिहिणाऱ्याचं नाव असतं ते बघ, नुसतं ‘विश्वकोश’ नको. ‘हितवाद’सारख्या जुन्या इंग्रजी वर्तमानपत्राच्या फायली चाळशील, तो १९११ पासूनचा आहे, तेव्हा तारीख आणि पान लिहून घे आणि उतारा मराठीत करून दिलास तर पुढे ‘अनुवाद माझा’ हे शब्द लिही.

शैली कुठली, तळटीप की कंस, हे तुझ्या विभागाला विचार आणि जे सांगतील ते शेवटपर्यंत एकसारखं पाळ. एपीए आणि एमएलए या संदर्भ देण्याच्या दोन प्रचलित शैली. एपीएत ४० किंवा जास्त शब्दांचा उतारा वेगळा, समास सोडून देतात, एमएलएमध्ये गद्याच्या चार ओळींहून मोठा. दोन्हींची खिचडी नको. यावर यापेक्षा जास्त वेळ घालवू नकोस.

एक मात्र कळकळीनं सांगते. संदर्भ शोधायला चॅटबॉटला सांगू नकोस. तो लेखक, ग्रंथ, वर्ष, पान असं सगळं नीटनेटकं लिहून देतो आणि पुष्कळदा तसला ग्रंथ या जगात नसतो. जे कपाटातून काढून उघडता येत नाही, ते तुझ्या प्रबंधात येता कामा नये.

दुरुस्ती कशी करायची? ऐंशी पानांवर पुन्हा शब्द बदलायला बसू नकोस, आणखी गाळात जाशील. सगळी पुस्तकं पुन्हा आण. टिपणाची नवी वही कर आणि दोन शाया ठेव. दुसऱ्याचे शब्द निळ्यात, अवतरणचिन्हांसकट, पान क्रमांक तिथेच. तुझे विचार काळ्यात. सीताबर्डीच्या बाजारात झेरॉक्स काढत असशील तर मुखपृष्ठाच्या आतल्या, आवृत्ती-प्रकाशक छापलेल्या पानाची प्रत पहिली काढ. ती नसली की शेवटच्या आठवड्यात ग्रंथालयाच्या खेपा पडतात. मग प्रत्येक लाल प्रश्नापाशी जा आणि ठरव: हे मला त्याच्या शब्दांत हवं आहे, की फक्त माहिती हवी आहे, की इथे मला काहीच नको होतं, पान भरायचं होतं म्हणून घातलं? तिसऱ्या प्रकारचं काढून टाक. ऐंशीची पंचावन्न पानं झाली तरी चालतील. उद्धरण फक्त तिथे, जिथे ते शब्दच पुरावा आहेत: कायद्याचं कलम, नोटिशीची भाषा, ज्या मताशी तुला भांडायचं आहे ते मत, आणि ज्यानं भोगलं त्याचं बोलणं.

म्हणजे तुझे आजोबा. पत्र वाचताना माझा जीव इथे सर्वांत जास्त अडकला.

तू पुस्तकवाल्यांचं घेताना नाव दिलं नाहीस, आणि घरच्या माणसाचं घेताना नाव तर नाहीच, त्यांची बोलीही काढून घेतलीस. तुझ्या प्रबंधात कदाचित असं असेल: ‘भोंगा वाजल्यावर कामगारांच्या घरातील स्त्रिया स्वयंपाकास प्रारंभ करीत.’ आजोबा असं बोलले नसणार. मी नागपूरची आहे, म्हणून अंदाज करते, ते असं काहीतरी म्हणाले असतील: ‘भोंगा वाजला का माय चूल पेटवे. घड्याळ कोनाच्या घरी होतं?’ या दोन वाक्यांत काय काय आहे बघ. आईचा दिवस मिलच्या आवाजानं सुरू होत होता, तिला त्याचा पगार नव्हता, आणि वेळ मोजायचं साधन मालकाकडे होतं. तुझ्या शुद्ध वाक्यात यातलं एकही उरलं नाही. त्या शब्दांना तू अशुद्ध समजलीस, पण इतिहासाच्या विद्यार्थिनीच्या हातात यापेक्षा मोलाचा कागद दुसरा नाही. ‘मले’, ‘तवा’, ‘जाऊन राह्यलो’ जसं आलं तसंच लिही. बाहेरच्या वाचकाला अडेल असा एखादा खात्यातला शब्द असेल तर त्याचा अर्थ तळटीपेत दे.

त्यांच्या आठवणीत आणि कागदात फरक पडला तर? पडतोच. आजोबा संपाचं एखादं साल सांगतील आणि वर्तमानपत्रात वेगळं निघेल. दोन्ही लिही, कुठलं कुठून आलं ते सांगून. आजोबांना दुरुस्त करून टाकू नकोस. आठवणीत साल का सरकलं, यावरही विचार करण्यासारखं असतं. त्या वर्षी घरात कुणाचा जन्म झाला असेल, कुणी गेलं असेल.

तेव्हा येत्या रविवारी त्यांच्यापाशी बस. फोनवर ध्वनिमुद्रण कर, पण आधी विचार. नातीलासुद्धा परवानगी विचारावी लागते, कारण ती आता प्रबंध लिहिते आहे. त्यांचं नाव छापलेलं चालेल का, ते विचार. कुणा मुकादमाचं, शेजाऱ्याचं बोलता बोलता नाव घेतलं असेल तर ते बदलायचं का, तेही विचार. उतरवून झालं की त्यांना वाचून दाखव, ‘मी असं म्हटलंच नव्हतं’ म्हणायची संधी त्यांना मिळू दे. मिल होती तिथे आता मॉल आहे. चालत असतील तर एकदा त्यांना तिथे घेऊन जा, उभ्या उभ्या आणखी काही आठवेल. मग संदर्भसूचीत, त्या २२ पुस्तकांच्याच रांगेत, वर्णक्रमानं जिथे येईल तिथे त्यांचं आडनाव, मग नाव, ‘निवृत्त कामगार, विणाई खाते, एम्प्रेस मिल, प्रत्यक्ष मुलाखत’, ठिकाण आणि तारीख. ही तारीख मात्र घरी आल्यावर आठवून लिहू नकोस. तिथेच, त्यांच्यासमोर वहीत टाक.